मुंबईच्या चिखलांतील एक रहिवासी

आम्हां पुणेकरांस समुद्र नाहीं. त्यामुळें ओहोटीनें उघडा पडलेला चिखल म्हणजे केवळ दुर्गंधि, अशीच आमची समजूत. मुंबईस गेलों असतां अशा जागेवरून मी नाकास रुमाल लावूनच जात असें.

त्याच चिखलांत बीळ करून राहणाऱ्या एका कृमीस खुद्द मुंबईचें नांव मिळालें आहे. डॉ. बैनी प्रसाद व मुंबईचे प्रा. पी. आर. आवटी यांनीं १९२९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून ‘थॅलासेमा बॉम्बेएन्सिस’ असें नामकरण केलें. ग्रीक भाषेंत ‘थॅलासा’ म्हणजे समुद्र. पुढें पंडितांनीं त्याचें कुलनाम बदललें, परंतु ‘बॉम्बे’ तसेंच राहिलें. शहराचें इंग्रजी नांव १९९५ सालीं पालटलें, कृमीचें पालटलें नाहीं. शास्त्राचा नियमच तसा आहे!

अमरकोश शिकवितांना ‘गंडूपद’ म्हणजे गांडूळ, एवढें सांगून मी पुढें जात असें. हा त्याचाच सागरी भाऊबंद. मात्र अंगावर वलयें नाहींत. धड मऊ, लांबट पिशवीसारखें, आणि तोंडापुढें पन्हळीसारखी सोंड. धड बिळांत ठेवून हा सोंड तेवढी चिखलावर पसरतो. सोंडेवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीनें बुळबुळीत स्रावांत अडकलेले अन्नकण तोंडाकडे वाहत येतात. कॅलिफोर्नियांत याच्या एका आप्ताच्या बिळांत खेकडा, मासा व दुसरा एक कृमि बिऱ्हाड करून असतात; म्हणून तिकडे त्यास ‘खाणावळवाला’ म्हणतात. भाडें अर्थात् कोणीच देत नाहीं.

खरी गोष्ट पुढेंच आहे. चिखलाच्या पोटांत प्राणवायु पोहोंचत नाहीं, म्हणून तो काळा पडतो व घाण येते. हे कृमि अंग लाटेसारखें आकुंचित करून बिळांत ताजें पाणी खेळवितात, आणि त्याबरोबर प्राणवायु आंत जातो. ज्या घाणीस आम्ही नाकें मुरडतों, तिच्यांत वारा घालणारे हेच!

यास नांव मिळालें त्याच दशकांत मुंबईस बॅकबेचा समुद्र भरून काढण्याचें काम चाललें होतें. पुढेंहि भराव पडत गेले. नरिमन पॉइंट अशाच भरावावर उभा आहे. भरावाखालीं बिळास तोंड उरत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत शिवडीस मंडळी दुर्बिणींतून रोहित पक्षी पाहत होती. मी चिखलांतील भोंकें पाहत उभा होतों. कोणतें बीळ कोणाचें, तें कांहीं मला ओळखतां आलें नाहीं. रुमाल मात्र खिशांतच राहिला.