दूरचे गॅमा किरण वाटेतच हरवतात

जे किरण शोधायचे ते जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत आणि अवकाशात ते इतके विरळ, की उपग्रहावरील उपकरण तोकडे पडते. अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपुढील ही मूळ अडचण. क्रॅब तेजोमेघासारख्या प्रखर स्रोताकडूनही एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचे किरण एका चौरस मीटरवर वर्षभरात दहासुद्धा पडत नाहीत. दृश्य प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते!

उपाय पुरविला तो वातावरणानेच. असा किरण हवेत शिरताच कणांचा वर्षाव सुरू होतो. त्यातून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाशाची काही नॅनोसेकंदांची लकेर उमटते आणि जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर व्यासाच्या परिसरात पसरते. त्या परिसरात कोठेही दुर्बीण असली तरी किरणाचा माग लागतो. मात्र वैश्विक किरणही अशाच लकेरी उमटवितात, आणि त्या कितीतरी पटींनी अधिक असतात. लकेरीच्या आकारावरून दोहोंतील भेद ओळखता येऊ लागला, तेव्हाच हे शास्त्र मार्गी लागले.

अमेरिकेतील ॲरिझोना येथील १० मीटर व्यासाच्या व्हिपल दुर्बिणीने १९९२ मध्ये मार्केरियन ४२१ या दीर्घिकेकडून येणारे असे किरण टिपले. तिच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत जवळजवळ थेट पृथ्वीच्या दिशेने रोखलेला आहे. अंतर सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षे. खगोलशास्त्रात हे 'शेजार'च म्हणायचे.

कोडे निराळेच होते. कॉम्प्टन उपग्रहाला ३सी २७९ सारखे क्वासार कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांत फार तेजस्वी दिसत होते; मार्केरियन ४२१ त्यापुढे फिकी. तरीही व्हिपलला दिसली ती हीच. काही स्रोतांचे झोत मुळातच कमी ऊर्जेचे असू शकतात. पण अंतराचा वाटाही मोठा आहे. आजवरच्या ताऱ्यांचा प्रकाश अवकाशात साठून राहिला आहे. त्यातील प्रकाशकणाशी टक्कर होताच गॅमा किरण नाहीसा होतो व इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. अंतर आणि ऊर्जा जितकी अधिक, तितकी ही तूट मोठी. २००६ मध्ये ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणीने ३सी २७९ टिपला, तेव्हा अवकाश अपेक्षेहून अधिक पारदर्शक असल्याचे दिसून आले.

या शोधात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा सहभाग जुना आहे. केंद्राच्या माउंट अबू येथील टॅक्टिक दुर्बिणीने मार्केरियन ४२१ व ५०१ यांची निरीक्षणे केली. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर उभारलेल्या २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. मोठा आरसा आणि विरळ हवा यांमुळे तिला तुलनेने कमी ऊर्जेचे किरणही टिपता येतात. अशा किरणांची वाटेतील तूट कमी असल्याने अधिक दूरच्या दीर्घिकाही तिच्या आवाक्यात येतात.