जुनी मोटारसायकल कशी पारखावी व आपल्या नांवें कशी करावी



बैल विकत घेतांना काय काय पाहावें हें आपल्यांपैकीं कोणास शिकवावें लागत नाहीं. आपण त्याचे दांत पाहतों, खूर उचलून पाहतों, खांदा चाचपतों, चालवून पाहतों, आणि बाजाराची पावती झाल्यावांचून दावें हातांत घेत नाहीं. परंतु तोच चोखंदळ मनुष्य जुनी मोटारसायकल घ्यावयास निघाला म्हणजे ओळखीच्या माणसाच्या ओट्यावर चहा पितो, गाडीस एक किक मारून तिचा आवाज ऐकतो, आणि अर्ध्या तासांत पैसे मोजून मोकळा होतो.

दूध डेअरीस पोंचविणें, खताची गोणी आणणें, रात्रीं-अपरात्रीं विहिरीवरील मोटार चालू करावयास मळ्यांत जाणें, या सर्व कामांस आज मोटारसायकल लागते. नवी घेण्याची ऐपत सर्वांस नसते, म्हणून खाजगी माणसाकडून जुनी घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र अशा खरेदींत दोन वस्तु पारखाव्या लागतात. एक लोखंड आणि दुसरी नोंद. लोखंडांतील दोष पैसे खर्चून सुधारतो. नोंदींतील दोष पुष्कळदां पैसे खर्चूनहि सुधारत नाहीं.

लोखंडाची पारख

गाडी पाहावयास सकाळीं जावें, आणि आपण येण्यापूर्वीं ती चालू करूं नये असें मालकास आदल्या दिवशीं सांगून ठेवावें. गेल्याबरोबर इंजिनावर हात ठेवून पाहावा. तें ऊन लागल्यास गाडी थंडपणीं चालू होत नसावी व म्हणून आगाऊ तापवून ठेवली असावी, असा संशय धरण्यास हरकत नाहीं. चांगली गाडी थंड असतांहि दोन-तीन किकांत चालू होते.

नंतर धूर पाहावा. निळसर धूर येत राहिला तर इंजिनांत तेल जळत आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं आहेत असें समजावें. हें काम खर्चाचें आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक व हवा कमी; हा दोष कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर साफ केल्यानें बहुधा जातो. थंडीच्या सकाळीं आरंभीं थोडी पांढरी वाफ दिसते, तो दोष नव्हे. गाडी धुऊन-पुसून चकचकीत केली असल्यास विशेष सावध असावें, कारण धुण्याबरोबर तेलगळतीच्या खुणाहि जातात. इंजिनाखालीं एक कोरा कागद पसरून गाडी दहा मिनिटें चालू ठेवावी. थेंब पडले तर ते आपली साक्ष आपणच देतात.

खेड्यांतील गाडीनें ओझीं वाहिलेलीं असतात, म्हणून तिचा मागील भाग नीट तपासावा. सीट दाबून सोडल्यावर ती एकदां वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दोन-तीन वेळां हिंदकळली तर मागील शॉकअब्सॉर्बर गेले. चाकाच्या तारा पान्यानें हलकेच वाजवाव्या. ढिल्या तारेचा आवाज बद्द येतो. एकास गाडी सरळ चालवावयास सांगून आपण पाठीमागून पाहावें. दोन्ही चाकें एका रेषेंत नसलीं तर सांगाडा वांकला असण्याचा संभव आहे, व अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. साखळी ज्या दांतेरी चक्रांवर फिरते त्यांचे दांत विळ्यासारखे वांकले असल्यास साखळी व दोन्ही चक्रें एकदमच बदलावीं लागतात. टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. '२३१९' म्हणजे तो सन २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी शाबूत असूनहि रबर वाळून चिरलेलें असलें तर तो टायर बदलावा लागणार असेंच धरावें.

किलोमीटरच्या आंकड्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. आंकडा वीस हजारांचा आणि पाय ठेवण्याचें रबर झिजून गुळगुळीत, असें दिसल्यास रबरावर विश्वास ठेवावा.

शेवटीं आपल्या विश्वासांतील मेकॅनिक बरोबर न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. त्यास त्याची मजुरी द्यावी, आणि दुरुस्तीचा अंदाज कागदावर मांडून घ्यावा. किंमत ठरवितांना तो कागद पुढें ठेवला म्हणजे घासाघीस मुद्द्यास धरून होते. चालवून पाहतांना आपला परवाना, डोक्यास हेल्मेट व गाडीचा चालू विमा या तिन्ही गोष्टी असाव्या.

नोंदीची पारख

नोंदणीपत्र, ज्यास सर्व लोक आर.सी. म्हणतात, तें मूळ पाहावें. त्याच्या नकलेवर व्यवहार करूं नये. हँडलखालच्या सांगाड्यावर चॅसिस क्रमांक व इंजिनाच्या बाजूस इंजिन क्रमांक ठोकलेला असतो. फडक्यानें चिखल पुसून ते दोन्ही क्रमांक अक्षर न् अक्षर नोंदणीपत्राशीं ताडावे. घासलेला किंवा पुन्हां ठोकलेला क्रमांक आढळल्यास तेथून नमस्कार करून निघावें.

नंतर नांव पाहावें. विकणारा व नोंदणीपत्रावरील मालक एकच असला पाहिजे. "मूळ मालकाच्या सह्यांचे कोरे अर्ज मजजवळ आहेत" असें कोणी म्हणाला तर मूळ मालकासच भेटावें. नोंदणीपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरतो असें नाहीं. त्यासाठीं बँकेचा दाखला व नमुना ३५ द्यावा लागतो. गाडी परराज्यांतील, उदाहरणार्थ कर्नाटकांतील, असली तर तेथील कार्यालयाचा नाहरकत दाखला (नमुना २८) लागतो व महाराष्ट्राचा कर निराळा भरावा लागतो. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या गाड्यांसहि उच्च सुरक्षेची नवी क्रमांकपाटी महाराष्ट्रांत आवश्यक केली आहे, ती बसविली आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. विमा, प्रदूषणाचा दाखला व न भरलेले दंड यांची माहिती सरकारच्या परिवाहन संकेतस्थळावर क्रमांक घालून मोबाईलवर मिळते. घरांतील शिकलेल्या मुलामुलीस हें काम पांच मिनिटांचें आहे.

स्वतःचा अनुभव

आतां थोडें स्वतःविषयीं. पंचवीसांहून अधिक वर्षें मीं महसूल कचेरींत कारकुनी केली. "कबजा आला म्हणून स्वस्थ बसूं नका, तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्या व फेरफार करून घ्या," असें मीं शेंकडों खातेदारांस बजावलें असेल. असें असूनहि सन २०२१ च्या दिवाळींत मीं एका जुन्या स्नेह्याकडून मोटारसायकल घेतली, पैसे दिले, किल्ली घेतली, आणि "कागद सवडीनें करूं" असें त्यानें म्हटल्यावर मीं मान डोलावली. इतक्या वर्षांच्या ओळखींत सही मागणें मला अप्रशस्त वाटलें.

पुढील चैत्रांत तो स्नेही वारला. त्याच्या दुःखांतील घरीं कागदाचा विषय काढावयास मला दोन महिने धीर झाला नाहीं. काढला तेव्हां समजलें कीं आतां गाडी प्रथम नमुना ३१ प्रमाणें वारसाच्या नांवें व्हावयाची आणि मग माझ्या. वारस तिघे, एक मुंबईस, एक लग्न होऊन परजिल्ह्यांत. त्यांच्या मनांत कपट नव्हतें, पण सवडहि नव्हती. विमा मयताच्या नांवें, त्याचीहि मुदत संपलेली. सुमारें सात महिने ती गाडी माझ्या अंगणांत निंबाखालीं पोतें पांघरून उभी होती, आणि जन्मभर लोकांच्या नोंदी करणारा मी मळ्यावर पायीं जात होतों. यांत दोष सर्वस्वीं माझा.

कायदा काय सांगतो

जमिनीची नोंद व वाहनाची नोंद यांत एक भेद आहे. फेरफार हा मुख्यतः सारावसुलीसाठीं असतो; केवळ त्यानें मालकी उत्पन्न होत नाहीं. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ यांत मालकाची व्याख्याच अशी आहे कीं, ज्याच्या नांवें वाहन नोंदलें आहे तो मालक. सन २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत असें ठरविलें कीं, वाहन पुढें अनेक हातीं विकलें गेलें तरी नोंद बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच राहते. म्हणजे नोंद न केल्यास विकणारा अपघाताच्या दाव्यांत सांपडतो, आणि घेणाऱ्यास स्वतःच्या पैशानें घेतलेली वस्तु पुढें विकतां येत नाहीं. दोघांचेंहि हित एकाच कागदांत आहे, हें दोघांनींहि ओळखावें.

व्यवहाराचा क्रम

सर्व पाहून झाल्यावर इसार म्हणून थोडी रक्कम द्यावी व पावती घ्यावी. नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज पूर्ण भरून, दोघांनीं समोरासमोर सह्या कराव्या. कोऱ्या नमुन्यावर कोणीहि सही करूं नये. बाकीची रक्कम शक्य तर बँकेतून द्यावी, म्हणजे तिचा पुरावा राहतो. ताबा-पावतीवर दिनांकाबरोबर वेळहि लिहावी, कारण त्याच दिवशीं कांहीं दंड किंवा अपघात घडला तर गाडी कोणाकडे होती हें तीवरून ठरतें. राज्यांतल्या राज्यांत व्यवहार असल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत आपल्या नांवासाठीं अर्ज करावा. विमा आपल्या नांवें करण्याचा अर्ज विमा कंपनीकडे चौदा दिवसांत द्यावा. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा कायद्यानें गाडीबरोबर येतो. परंतु तो नांवावर केल्यावांचून चोरीची किंवा गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळेल अशा भरंवशावर राहूं नये. पूर्वीच्या मालकानें मिळविलेली हप्त्यांतील सूट मात्र त्याचीच असते, ती आपणांस मिळत नाहीं.

ओळखीच्या माणसाकडे सही मागणें हा अविश्वास नव्हे. उद्यां दोघांपैकीं एक नसला तरी दुसऱ्याच्या घरीं त्रास पोंचूं नये, एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट मला फार उशिरां कळली. आपणांस ती वेळींच कळावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.