घड्याळ किती पगाराचं घ्यावं?

आजचा विषय जरा हौसेचा, पण खिशाशी नातं सांगणारा.

रत्नागिरी-रायगडकडच्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. आखातातून माणूस सुट्टीवर आला की बॅगेत अत्तर, टेपरेकॉर्डर आणि मनगटावर सीको, नाहीतर राडो! घड्याळ बघूनच वाडीत कळायचं, याचं बरं चाललंय. आज रियाधच्या ओलाया रस्त्यावरून जाताना शोरूमच्या काचेपाशी आपलेही पाय थबकतात. दहा वर्षं राबलो, एक चांगलं घड्याळ घ्यायला काय हरकत आहे? काहीच हरकत नाही. प्रश्न आहे तो किती किमतीचं घ्यावं, हा.

बहुतेक जण हिशेब करतात पगारावर. समजा पगार 12,000 रियाल आणि घड्याळ 11,500 चं. मनात येतं, 'एका महिन्याचा तर पगार! आणि इथे पगारावर आयकरही नाही.' इथेच गफलत होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. घरभाडं 2,500. वाणसामान, पेट्रोल, फोन मिळून 2,500. मुलांची शाळा 1,000. बायको आणि दोन मुलं इथे असतील तर इकाम्यासोबतचं आश्रित शुल्क माणशी महिना 400, म्हणजे 1,200. हे शुल्क 2017 मध्ये 100 रियालपासून सुरू झालं आणि दरवर्षी वाढत 2020 मध्ये 400 वर गेलं. काही कंपन्या ते भरतात, पण पुष्कळांना स्वतःच भरावं लागतं. गावी आईवडिलांना 1,500. फ्लॅटचा हप्ता 2,000. सुट्टीच्या तिकिटांसाठी बाजूला 500. बेरीज झाली 11,200. हातात उरले 800.

आता तेच घड्याळ पुन्हा बघा. ते एका महिन्याचं नाही, चौदा महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या शिलकीचं आहे! म्हणून घड्याळाची किंमत पगारात मोजू नका, उरलेल्या पैशात मोजा.

ही शिल्लकही सगळी हौसेची नव्हे. आपली नोकरी इकाम्याला बांधलेली. ती सुटली तर घर आवरून परतायचं असतं. म्हणून आधी सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. तो जमला की शिलकीतला अर्धा भाग हौसेला द्या. वरच्या उदाहरणात महिना 400, म्हणजे वर्षाला 4,800 रियाल. त्यात बसेल ते घड्याळ आज घ्या. त्याहून महाग हवं असेल तर तेवढे महिने थांबा. कर्ज किंवा हप्ता मात्र नको. नोकरी थांबली तरी हप्ता थांबत नाही.

'सेवासमाप्तीचे पैसे येतीलच की,' असंही कुणी म्हणेल. कायद्याने पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्धा महिना आणि पुढे वर्षामागे पूर्ण महिन्याचं वेतन मिळतं. पण दोन ते पाच वर्षांच्या नोकरीनंतर स्वतः राजीनामा दिलात, तर त्याचा एक तृतीयांशच हाती येतो. ती रक्कम गावी परतल्यावर घडी बसवायला लागते.

आणि 'घड्याळ म्हणजे गुंतवणूक' हे दुकानात ऐकू येणारं वाक्य! 11,500 मधले 1,500 हा व्हॅटच आहे, कारण जुलै 2020 पासून तो 15 टक्के झाला. विकायला गेलात तर तो परत मिळत नाही. काही मोजकी मॉडेलं किंमत टिकवतात, बहुतेकांची उतरते. सोनं वजनावर विकलं जातं. घड्याळाला गिऱ्हाईक शोधावं लागतं. त्यात यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च असतो. पावती, डबा आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. नवं घड्याळ भारतात नेताना शुल्कमाफीची मर्यादा तपासा. किंमत त्यापुढे असेल तर कस्टमला आधीच सांगा.

या शुक्रवारी चहा झाल्यावर दोघं कागद घेऊन बसा. घरातल्या दोघांनाही तो आकडा माहीत असेल, तर घड्याळ हातावर बांधताना बिल लपवावं लागणार नाही. असं घड्याळ मग मनासारखं मिरवा!