माळ्यावरचा कॅमेरा

जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं सध्या आमच्याकडे पेवच फुटलंय. डोंबिवली घ्या, ठाणं घ्या, मुलुंड घ्या, चौकशी एकच, ‘तुमची कधी रिकामी करताय?’ चाळीस-चाळीस वर्षांचा संसार महिन्याभरात खोक्यांत भरायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यातून घरात एकटी आजी आणि मुलं परदेशात असली, तर विचारूच नका. आमच्या महिला मंडळानं अशा घरांत जाऊन आवराआवर करून द्यायचं काम अंगावर घेतलंय. पैसे घेत नाही, चहा मात्र घेतो!

या आवराआवरीत एक वस्तू हटकून निघते. कधी माळ्यावर, कधी लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, तर कधी देवघराखालच्या खणात. चामड्याच्या कव्हरातला कॅमेरा. आग्फाचा क्लिक थ्री, याशिका, पेंटॅक्स, हॉटशॉट, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि हौशीप्रमाणे. पूर्वी तो सरळ भंगारात जायचा. अलीकडे मात्र नातवंडं झडप घालतात. मोबाइलवर हजारो फोटो काढणाऱ्या या पोरांना रोलच्या कॅमेऱ्याचं भलतंच वेड लागलंय. चांगलं आहे, माझी काही तक्रार नाही. पण कॅमेरा भंगारवाल्याच्या हातात पडो की नातीच्या, दोघंही पहिल्यांदा एकच गोष्ट करतात. खटकन मागचं झाकण उघडतात!

मैत्रिणींनो, आजचा लेख त्या झाकणासाठीच आहे.

आपल्या पिढीला आठवत असेल, रोल छत्तीस फोटोंचा असायचा आणि छत्तीस झाल्याशिवाय तो धुवायला टाकायचा नाही, असा घरोघरचा अलिखित कायदा होता. गणपतीत दहा, बारशाला आठ, सहलीला पाच, असा एक रोल वर्षभर पुरवायचा. मग डिजिटल आलं, पाठोपाठ मोबाइल आले. किंवा ज्यांचा कॅमेरा, ती व्यक्तीच गेली. रोल तसाच आत राहिला. हा न धुतलेला रोल उजेडाला घाबरतो. त्यावर फोटो असतात, पण उमटलेले नसतात. झाकण उघडल्यावर क्षणभर उजेड पडला तरी वरच्या वेढ्यांवरचं चित्र कायमचं जातं.

ठाण्याच्या एका काकूंकडे असंच झालं असतं. याशिकाचा इलेक्ट्रो ३५ हा कॅमेरा. आमच्यातल्या एका उत्साही मुलीचा अंगठा झाकणाच्या खटक्यावर गेलासुद्धा होता. म्हटलं, थांब गं. वरच्या डाव्या बाजूची रोल गुंडाळायची चावी बाणाच्या दिशेनं अलगद फिरवून पाहिली, तर ती दोन-तीन वेढ्यांनंतर ताठ झाली. म्हणजे आत रोल. काकू म्हणाल्या, ‘हे २००३ मध्ये गेले. त्याच्या आधीचाच असणार.’ एवढं बोलल्या आणि डबे पुसायला लागल्या.

रोल गुंडाळून, काढून मुंबईच्या एका लॅबमध्ये दिला. एवढ्या वर्षांत बराचसा खराबच झाला होता. अकरा फोटो आले, तेही धुरकट. त्यातले सात कुणाच्या तरी मुंजीतले, ती मुंज कुणाची हे काकूंनाही सांगता येईना. दोन रस्त्याचे. आणि दोन काकूंचे. ओट्यापाशी पोळ्या लाटताना पाठमोऱ्या, आणि मग ‘पुरे आता’ अशा चेहऱ्यानं वळलेल्या. काका एकाही फोटोत नव्हते. असणार कसे? ज्याच्या हातात कॅमेरा, तो फोटोत नसतोच. काकूंनी तो वळलेला फोटो बराच वेळ धरला आणि म्हणाल्या, ‘हे केव्हा काढला, मला बोललेसुद्धा नाहीत.’

तर पहिलं काम, रोल आहे का ते पाहणं. हातानं गुंडाळायच्या ३५ एमएमच्या कॅमेऱ्यांना ही चावीची परीक्षा चालते. चावी अडखळली तर जोर करू नका, रोल आहे असं समजा. मग कॅमेऱ्याच्या तळाचं बारीक बटण दाबून बाणाच्या दिशेनं चावी सावकाश फिरवत राहायचं. ताण सुटून चावी मोकळी फिरायला लागली की रोल डबीत गेला. पुढे नव्वदीत आलेल्या मोटरच्या कॅमेऱ्यांना मागे छोटी काचेची फट असते, तिच्यातून रोलची डबी दिसते. त्यांना नवा सेल घालून रोल परत गुंडाळायचं खोलगट बटण टाचणीच्या डोक्यानं दाबायचं. आग्फा क्लिकसारख्या डब्यांमध्ये १२० नंबरचा, बारा फोटोंचा रोल असतो. त्याला मागे गुंडाळायचं नसतं, लाल खिडकीत आकडा दिसतो का ते पाहायचं. यातलं काहीच जमेना, तर काळ्या कापडात गुंडाळून तसाच लॅबला न्यावा. त्यांच्याकडे अंधाऱ्या पिशवीत हात घालून रोल काढायची सोय असते.

आणि झाकण उघडलंच गेलं, तर? पटकन बंद करा आणि आशा सोडू नका. डबीत घट्ट गुंडाळलेला भाग बऱ्याचदा वाचतो. धुवायला देताना रोलवरचं नाव वाचून सांगा. कोडाक्रोम असेल, तर त्याची मूळ रंगीत प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगातूनच बंद झाली, आता फार तर कृष्णधवल निघतो. उटीच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ नावाचा रोलही मिळू शकतो. कारखाना बंद पडला, पण तो रोल कृष्णधवल म्हणून आजही धुता येतो.

आता सेल. यात थोडं थांबते, कारण इथे प्रश्न केवळ कॅमेऱ्याचा नाही. जुने सेल आतल्या आत फुटून पाझरतात आणि खाचेत पांढरी, हिरवट खपली धरते. अल्कलाइन सेलमधून येणारा तो द्राव क्षार असतो, कातडी आणि डोळे भाजणारा. उघड्या बोटांनी उकरू नका. रबरी मोजे घाला, चष्मा असेल तर तोही. कान साफ करायच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून खपली हळूहळू पुसायची, मग स्पिरिटच्या काडीनं ती जागा पुसून वाळू द्यायची. धार ओतायची नाही हं, तो कॅमेरा आहे, तांब्या नव्हे.

नवा सेल घालताना कॅमेऱ्याला नेमका किती व्होल्टचा लागतो ते पाहा. नातीनं हौसेनं घेतलेल्या पेंटॅक्स के १००० ला किंवा निकॉन एफएम २ ला सेल फक्त उजेड मोजायला लागतो. सेल नसला तरी शटर उडतं. के १००० ला तर बंद करायचं बटणच नाही, भिंगावर टोपण घातलं की सेल वाचतो. या दोन्हींना एलआर ४४ चालतो. पण त्याच मापाचा सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर ४४ घ्या. तो शेवटपर्यंत दाब सारखा देतो, त्यामुळे मीटर फसत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल असायचे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे जगभरात ते बंद झाले. त्यांच्या जागी दीड व्होल्टचा घातला की मीटर चुकीचं दाखवतं. यावरचा उपाय बहुतेक आजी-आजोबांच्या खणात असतो, कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल! तो झिंक एअर जातीचा, १.४ व्होल्टच्या आसपासचा. थोडा छोटा पडतो, पण एक वॉशर घातला की बसतो. मात्र त्यावरचा स्टिकर एकदा काढला की वापरा अगर नका वापरू, काही आठवड्यांत संपतो. इलेक्ट्रो ३५ ला मूळ ५.६ व्होल्टचा लागायचा. आता सहा व्होल्टचा सेल आणि त्यासाठीचं छोटं अॅडॉप्टर मिळतं.

घरात रांगतं मूल असेल तर हे बटणाएवढे सेल ओट्यावर, टीपॉयवर क्षणभरही ठेवू नका. नाण्यासारखा चपटा लिथियम सेल घशात अडकला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. मूल रडलं नाही, खोकलं नाही, तरीही शंका आली की थेट इस्पितळ गाठायचं. ओकारी काढायची नाही, ‘उद्या शी मधून जाईल’ म्हणत बसायचं नाही. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावेत, पाऱ्याचे तर नक्कीच.

आणखी एक. फ्लॅश अंगचाच असलेला कॅमेरा ‘जरा उघडून बघू’ म्हणून स्क्रू काढू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात. सेल काढल्यानंतरही जबरदस्त झटका बसतो. मेकॅनिकचं काम मेकॅनिकनंच करावं.

आता आपला खरा शत्रू, पावसाळा. आषाढ-श्रावणात पापड सादळतात, तसा कॅमेराही सादळतो. हवेत ओल साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की भिंगाला बुरशी धरते. मुंबई-कोकणात तर पावसाळाभर ऐंशीच्या पुढे असते. एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. उशीर झाला तर ही बुरशी काचेवरचा लेपच खाते, मग पुसूनही डाग जात नाही.

यात सर्वांत मोठा गुन्हेगार कोण, तर ते देखणं चामड्याचं कव्हर! ते ओल धरून ठेवतं. कॅमेरा त्यातून काढा, सेल काढा, आणि घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पापडाचा डबा उत्तम. जेलचे केशरी दाणे घ्या, ते ओल पिऊन हिरवे होतात. मग वेगळ्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा केशरी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नको. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ फिल्मला बाधते. आणि आपली ती सवय, सादळलं की घाल उन्हात, ती इथे मोडावी लागेल. उन्हानं आतलं ग्रीस पातळ होऊन पसरतं. महिन्यातून एकदा बाहेर काढून चार-सहा वेळा शटर उडवलं की यंत्र मोकळं राहतं. धूळ फुंकणीनं उडवायची. साडीच्या पदरानं, तोंडाची वाफ देऊन भिंग पुसायचं नाही. पदराला दिवसभरात काय काय लागलेलं असतं, ते आपल्याला सांगायला नको!

नवे रोल फ्रिजमध्ये ठेवावेत, सीलबंद, वर प्लास्टिकची पिशवी. वापरायच्या आधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवायचे आणि मगच सील फोडायचं, नाही तर दव धरतं. फ्रिजात कुणी ते कोथिंबिरीखाली ढकलणार नाही, एवढी खबरदारी घरोघरी घ्यावी लागतेच. काढून झालेला रोल मात्र साठवू नका, लगेच धुवायला टाका. विमानानं जाताना रोल मोठ्या बॅगेत कधीच नको, तिथले क्ष-किरण जोरकस असतात. हातातल्या पिशवीत ठेवा आणि तपासणीला यंत्राऐवजी हातानं पाहायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनच्या यंत्रांनीही रोल खराब होतो.

आमच्या मंडळानं आता एक पद्धत ठेवली आहे. कॅमेरा निघाला की झाकण आणि अंग जोडणाऱ्या फटीवर कागदी चिकटपट्टी लावायची. तिच्यावर पेननं लिहायचं, ‘आत रोल आहे, उघडू नका’, किंवा ‘रिकामा, सेल काढला आहे’, आणि खाली तारीख. नातीनं नवा रोल भरला, तर त्या पट्टीवर रोलचं नाव आणि भरल्याचा महिना तिनं लिहायचा. पट्टी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.