नक्कल व्हावी असं घर

पर्यावरणाला जपून जगण्याची वाट दाखवणाऱ्या माणसांचा आपण सत्कार करतो, त्यांच्यावर माहितीपट काढतो, त्यांचं काम बघायला सहली नेतो. हे सगळं करावंच. पण अशा कामाला खरी दाद मिळते ती इतरांनी ते उचलल्यावर, आणि तेही मूळ माणसाला न विचारता उचलता आल्यावर, असं मला वाटतं. या कसोटीवर भारतात गेल्या शतकातली जी मोजकी नावं उतरतात, त्यांत वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांचं नाव मी फार वर ठेवेन. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही त्यांचं मोठेपण मला जाणवतं ते त्यांचं नावही न ऐकलेला एखादा गवंडी त्यांच्या पद्धतीनं वीट लावतो तेव्हा.

बेकर यांचा जन्म १९१७ सालचा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. वास्तुकलेचं शिक्षणही तिथलंच. क्वेकर विचारांचे असल्यानं दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र धरलं नाही. रुग्णसेवेच्या तुकडीतून ते चीनला गेले. परतीच्या प्रवासात बोटीची वाट बघत मुंबईत थांबावं लागलं आणि तिथं त्यांची गांधीजींशी गाठ पडली. खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार बेकर पुढं आयुष्यभर सांगत राहिले. १९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुरचनाकार म्हणून भारतात परतले. डॉ. एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य हिमालयात पिथोरागडला स्थायिक झालं. महाविद्यालयात शिकलेलं बरंचसं तिथं कुचकामी ठरलं. उतार, थंडी, दगड, माती यांच्याशी कसं जमवून घ्यायचं, हे डोंगरातल्या साध्या घरांनी शेकडो वर्षांत शोधून ठेवलं होतं. १९६०च्या दशकात ते केरळात आले आणि तिरुवनंतपुरम हेच त्यांचं गाव झालं. २००७ मध्ये त्यांचं निधनही तिथंच झालं.

त्यांच्या पद्धतीचं मर्म समजून घ्यायचं तर सिमेंटपासून सुरुवात करावी लागते. सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सियसच्या भट्टीतून काढतात. त्यासाठी इंधन जळतं हा झाला एक भाग. पण चुनखडीच्या दगडातच बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइडही उष्णतेनं सुटून हवेत जातो, आणि भट्टी उद्या सौरऊर्जेवर तापवली तरी हा दुसरा भाग थांबत नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे. त्यामुळे सिमेंट मुळातच कमी वापरणं, हा बचतीचा सर्वांत सरळ मार्ग. बेकर यांनी तो हवामानबदलाची चर्चा घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी धरला होता, आणि तोही गरिबाला घर परवडावं म्हणून. ‘रॅट ट्रॅप बाँड’ ही त्यांची लाडकी भिंत. तिच्यात विटा सपाट न मांडता कडेवर उभ्या लावतात. दोन विटा समोरासमोर आणि तिसरी आडवी, भिंतीच्या आरपार, अशी रचना झाली की मधे पोकळी राहते. भिंतीची जाडी नऊ इंचच राहते, विटा मात्र सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात, मसालाही वाचतो. शिवाय पोकळीतली हवा बाहेरची उष्णता आत यायला अडवते, त्यामुळे पंख्याचं काम हलकं होतं. छताचंही तसंच. स्लॅबच्या वरच्या भागावर दाब येतो आणि तो काँक्रीट पेलतं. खालच्या भागावर ताण येतो आणि तो पोलादी सळ्या सोसतात. मग खालच्या बाजूला सळ्यांच्या मधलं काँक्रीट तिथं नुसतं वजन होऊन बसतं. बेकर यांनी त्या जागी जुनी मंगलोरी कौलं बसवली. स्लॅब हलका झाला, सिमेंट वाचलं आणि खालून बघणाऱ्याला नक्षीदार छत मिळालं.

ही नक्षी मला महत्त्वाची वाटते. काटकसरीचा उपदेश लोक ऐकून घेतात आणि विसरतात. सुंदर खोलीत बसल्यावर मात्र तशीच खोली आपली असावी असं वाटू लागतं. तिरुवनंतपुरमच्या थंपानूर भागात, रेल्वे स्थानकाजवळ इंडियन कॉफी हाउसची बेकर यांनी रचलेली इमारत आहे: विटांचा एक गोल मनोरा, त्यात वर चढत जाणारा वळणावळणाचा उतार, आणि बाहेरच्या भिंतीला लागून बांधूनच काढलेली टेबलं आणि बाकं. विटांच्या जाळीतून वारा आणि उजेड आत येतो. गाडीची वाट बघणारा प्रवासी, हमाल, विद्यार्थी अशा कुणालाही तिथं एका कॉफीच्या पैशात या वास्तुकलेचा अनुभव घेता येतो. त्याच शहरात अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी उभ्या केलेल्या ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’चा परिसर बेकर यांनी टेकडीचा उतार न मोडता रचला. झाड आडवं आलं की भिंत वळते. खिडकीच्या चौकटी, गज, काच यांचा खर्च जाळी वाचवते, आणि दुपारभर तिच्या सावल्या जमिनीवर सरकत राहतात.

एवढ्यावर थांबले असते तर बेकर एक प्रतिभावंत कलावंत म्हणून लक्षात राहिले असते. पण त्यांनी आपली विद्या वाटून टाकली. जुन्या पाकिटांच्या आणि निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते आराखडे काढत. खर्च कसा कमी करावा, मातीची भिंत कशी बांधावी, यावर त्यांनी हातानं काढलेल्या चित्रांच्या पुस्तिका केल्या. चूक कुठं आणि बरोबर कसं हे शेजारीशेजारी दाखवणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसालाही उमगणाऱ्या. १९८५ मध्ये केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, के. एन. राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्यासह त्यांनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या पश्चातही ती घरं बांधते, गवंडी तयार करते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप विटेचाच. भाजलेली वीट म्हणजे शेताची सुपीक माती आणि भट्टीचा धूर. हे खरं आहे, आणि म्हणूनच बेकर स्वतः मातीच्या बांधकामाचा इतका आग्रह धरत. जिथं वीट वापरायचीच आहे तिथं चौथा हिस्सा वाचवणारी भिंत बांधावी, एवढाच या पद्धतीचा दावा आहे. दुसरा आक्षेप मजुरीचा: अशा भिंतीला कसबी हात लागतात आणि मजुरी महागली की पैशांची बचत आटते. हेही मान्य. पण सिमेंट-पोलादावरचा पैसा गावाबाहेर जातो, मजुरीचा बराचसा तिथंच फिरतो, आणि वाचलेल्या सिमेंटचा हवेला होणारा फायदा मजुरीच्या दरावर अवलंबून नसतो.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राला जवळून ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या घरांखाली. स्थानिक साहित्य, पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत, आणि परिणाम हा. त्यानंतर मराठवाड्यात अनेकांचा सिमेंटवरच विश्वास बसला, यात नवल नाही. मात्र ती घरं कशानं पडली हे नीट पाहायला हवं. दगडी भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा नव्हता, आणि माळवदावर दर काही वर्षांनी घातलेल्या मातीचं ओझं वाढत गेलं होतं. घात झाला तो रचनेतल्या उणिवांनी. त्या दूर करण्याचे उपाय भूकंपानंतर उरलेल्या घरांच्या मजबुतीकरणात सांगितलेही गेले. स्थानिक साहित्याला अभ्यासाची जोड द्यावीच लागते, आणि पोकळ भिंतीलाही भूकंपप्रवण भागात पोलादाची साथ लागते.

मुंबई-पुण्याच्या वीस मजली इमारतींचा भार ही भिंत पेलणार नाही, हेही उघड आहे. पण तालुक्याच्या गावांतली एक-दोन मजली घरं, शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायतींची कार्यालयं यांना ती चालते. गिलावा हवाच असेल तर वरून करता येतो. तिथं अडतं ते व्यवहारात. वास्तुरचनाकाराचं मानधन बऱ्याचदा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरतं, म्हणजे खर्च वाचवणाऱ्याचं उत्पन्न कमी होतं. सरकारी अंदाजपत्रक दरसूचीच्या आधारानं बनतं. सूचीबाहेरच्या भिंतीसाठी वेगळी मंजुरी मिळवण्याचा खटाटोप अभियंत्यानं का करावा? बेकर यांच्या नावानं द्यायचंच असेल तर पुरस्काराच्या आधी हे दोन अडथळे काढून द्यावेत: मानधन घराच्या क्षेत्रफळावर ठरावं, आणि पोकळ भिंत, कौलं भरलेला स्लॅब व सुधारित मातीकाम यांचे दर प्रत्येक जिल्ह्याच्या गवंड्यांकडून बांधून घेऊन, तपासून, सूचीत छापले जावेत.