कॅमकॉर्डरला माइक जोडताय? आधी ‘लेव्हल’ ठरवा!

लग्नाचे किंवा स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण झकास होते. पण घरी येऊन पाहिले, तर आवाज फाटलेला नाही तर पुटपुटल्यासारखा. अंधारलेले चित्र नंतर थोडेफार उजळता येते. फाटलेला आवाज मात्र सहसा पूर्ववत होत नाही आणि मंगलाष्टका काही पुन्हा म्हणता येत नाहीत. अनेकदा दोष माइकचा नसतो, तर कॅमकॉर्डरवरच्या एका छोट्या स्विचचा असतो.

‘माइक’ आणि ‘लाइन’मध्ये फरक काय?

माइकमधून येणारा सिग्नल अतिशय क्षीण, साधारण काही मिलिव्होल्टचा असतो. व्यावसायिक मिक्सरच्या लाइन आउटपुटची प्रमाण पातळी मात्र सुमारे १.२३ व्होल्ट असते, म्हणजे शेकडो पट जास्त. स्विच ‘माइक’वर असला की कॅमकॉर्डर सिग्नल खूप वाढवून घेतो. त्यामुळे मिक्सरची वायर ‘माइक’वर लावली, तर आवाज फाटतो. उलट माइक ‘लाइन’वर लावला, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. तो नंतर वाढवला, की खरखरही वाढते.

कोणता पर्याय कधी?

• लाइन : साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेताना.
• माइक : साधा डायनॅमिक माइक किंवा स्वतःची बॅटरी असलेला माइक जोडताना.
• माइक + ४८ व्होल्ट : बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकसाठी. हा फॅंटम पुरवठा एक्सएलआर वायरमधूनच जातो. मिक्सर जोडताना तो बंद ठेवा.

वायरलेस माइकच्या काही रिसीव्हरवरही ‘माइक’ आणि ‘लाइन’ असे पर्याय असतात. रिसीव्हरवर जे निवडाल, तेच कॅमकॉर्डरवर ठेवा.

छोट्या कॅमकॉर्डरवर फक्त ३.५ मिमीचे माइकचे भोक असते, ‘लाइन’ नसते. तिथे मिक्सर जोडायचा असेल, तर सिग्नल कमी करणारी अ‍ॅटेन्युएटर वायर वापरा.

मीटर कुठे असावा?

डिजिटल मीटरवर शून्य डेसिबल ही शेवटची मर्यादा. त्यापुढचा आवाज कापला जातो. म्हणून मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, असे बघा. तपासणी करताना ‘हॅलो, वन-टू-थ्री’ एवढ्यावर थांबू नका. वक्ता भाषणात जितक्या जोरात बोलेल, तितक्याच जोरात त्याला बोलायला लावा.

मीटर खाली असूनही आवाज फाटत असेल, तर नॉब आणखी फिरवून उपयोग नाही. सिग्नल नॉबच्या आधीच फाटत असण्याची शक्यता असते. आधी स्विच तपासा.

‘ऑटो’वर किती भरवसा?

धावपळीत ‘ऑटो’ सोयीचा असतो. पण शांतता झाली, की तो लेव्हल वाढवतो आणि पंख्याची घरघर ऐकू येते. ताशा वाजला, की सगळाच आवाज दाबतो. भाषण किंवा गायनासाठी ‘मॅन्युअल’ बरा.

दोन चॅनेल असतील, तर एकच माइक दोन्हींवर घ्या आणि दुसऱ्याची लेव्हल ८ ते १० डेसिबल कमी ठेवा. कुणी अचानक ओरडले, तरी दुसऱ्या चॅनेलवरचा आवाज वाचण्याची शक्यता वाढते.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : कार्यक्रमाआधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ते हेडफोन लावून ऐका. मीटर फक्त पातळी दाखवतो. खरखर आणि घरघर कानांनाच कळते.