कॅमेरे थेट जोडावेत की स्विचमधून?

कारखान्यातील तपासणीच्या पट्ट्यावर ५० लाख पिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा, पिक्सेलमागे एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला २० चित्रे टिपत असेल, तर दर सेकंदास १०० मेगाबाइट माहिती बाहेर पडते. गिगाबिट इथरनेटची कमाल क्षमता १२५ मेगाबाइट. संगणकाला थेट जोडलेल्या एका कॅमेऱ्यास ती पुरते. असे दोन कॅमेरे स्विचमधून एकाच गिगाबिट केबलवर आणले, की स्विचचा बफर भरतो आणि पॅकेट गळू लागतात. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय ‘गिगई व्हिजन’ मानकात आहे खरी, पण तुंबलेल्या केबलवर तीही गर्दीच वाढवते. चित्र अपुरे आले, तर सदोष भाग नजरेतून निसटू शकतो.

थेट जोडणीत प्रत्येक कॅमेऱ्यास स्वतंत्र पोर्ट लागतो, हा खर्चाचा भाग. संगणकाकडील दुवा १० गिगाबिटचा असल्यास स्विचही निर्धोक ठरतो.